रद्दीतली रसग्रहणं

मार्च आला की मला राग येतो. या दिवसांत कुणाला कैऱ्या दिसतात, कुणाला यात्रा आठवतात. मी दुकानाची फळी उघडते आणि समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या दारात पोरांची झुंबड बघते. अख्खं पुस्तक तळहाताएवढं बारीक करून घेतात आणि मोज्यात, बाहीत, पट्ट्याच्या आत कुठं कुठं बसवायचं याचा हिशेब तिथंच उभ्यानं करतात. खेड्यांवरून जीपा भरून येतात. आत परीक्षा देणारा एक आणि बाकीचे त्याला पास करायला निघालेले. केजचा बाजार त्या दिवसांत चांगला चालतो, आमचाही. लिंबं, बिस्किटं, ग्लुकोजची पुडी, पेन. मी देते सगळं, पण आतून माझा जीव तापलेला असतो.

आता पुड्या बांधायचं काम राहिलं नाही. साखर, डाळ, शेंगदाणे, सगळं पातळ पिशव्यांत जातं. पूर्वी मात्र किराणा दुकान रद्दीवर चालायचं. वर्तमानपत्राची रद्दी महाग पडायची, म्हणून माझे दीर कॉलेजातल्या उत्तरपत्रिकांची रद्दी घ्यायचे. त्यांना सगळा बाजार आप्पा म्हणतो, मीही आप्पाच म्हणते. चाचणी परीक्षा, सहामाही, सराव परीक्षा, सगळ्यांचे जुने पेपर पोत्यांत भरून दुकानात येत. कागद जाड असायचा. पाव किलो साखर त्यात नीट बसायची आणि दोऱ्याचे दोन वेढे दिले की पुडी ढकलली तरी फुटत नसे.

माझ्या लेकीचे, महानंदाचे वडील कावीळ होऊन गेले, त्यानंतर मी दुकानात बसू लागले. गल्ल्यावर आप्पा आणि मागे पोत्यांच्या आडोशाला मी. पुढं बसू नकोस असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मलाच जमत नसे. अनोळखी माणसानं मिठाचा भाव विचारला तरी माझा आवाज घशातून वर येत नसे. माहेरी, नांदूरघाटला चौथी झाली आणि मला घरी बसवलं. तिथून पुढं जे काही वाचलं ते पुड्यांच्या कागदावर.

लोक म्हणतील, ही काय वाचणार. पण मी सांगते, मी जेवढी रसग्रहणं वाचली तेवढी कुणी मास्तरनंही वाचली नसतील. मास्तर पहिली ओळ आणि शेवटची ओळ बघतो. मी पूर्ण वाचायची, कारण कागद हातात आला की वाचल्याशिवाय दुमडवत नसे. ज्या कवितांचं रसग्रहण वाचलं त्या कविता मी कधी पाहिल्या नाहीत. पोरांनी सिनेमांवर लिहिलेलं असायचं, चित्रांवर लिहिलेलं असायचं, माणसाचं सुख कशात आहे यावर लिहिलेलं असायचं. सिनेमा म्हणजे मला जत्रेतला तंबू ठाऊक, आणि चित्र म्हणजे कॅलेंडर. तरी एखाद्या चित्रातला उजेड कुठून येतो आणि बाईची पाठ आपल्याकडं का आहे, हे मी डाळ मोजता मोजता वाचलेलं आहे. उत्तर मध्येच तुटायचं. पुढचं पान शोधायला जावं तर ते केव्हाच कुणाच्या तरी हळदीबरोबर खेड्यावर गेलेलं असायचं.

सुरुवातीला मला हे सगळं लई मोठं वाटायचं. 'प्रस्तुत कवितेत कवीने जीवनाची क्षणभंगुरता प्रभावीपणे मांडली आहे.' ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कागद दुमडायचा राहून गेला होता. क्षणभंगुरता. हा शब्द मी स्वयंपाक करताना मनात घोळवत बसले. मग दुसऱ्या पेपरात तीच ओळ, तिसऱ्यातही तीच. एका पोत्यात अक्षरं निरनिराळी आणि ओळ मात्र एक. पोरीनं लिहिलेली असो की पोरानं, खेड्यातल्यानं की गावातल्यानं. ज्याच्या घरी कालपरवा माणूस गेलं असेल तोही तेच लिहायचा आणि ज्याच्या घरी पाळणा हलत असेल तोही तेच. हे गाईडमधून येतं, ते मला नंतर कळलं. बीडला स्टँडच्या बाजूला गाईडांची दुकानं आहेत, तिथून ते केजला येतं आणि केजहून पोरांच्या डोक्यात जातं.

तीच वर्षं होती, जेव्हा आमच्या दुकानातही सगळं पाकिटात यायला लागलं होतं. आधी आमच्याकडं तिखटाचे तीन प्रकार असायचे आणि तिन्हींचा वास दारातून वेगळा यायचा. मग कंपनीची पाकिटं आली. दोरीला शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लागल्या, हळद पाकिटात, मीठ पाकिटात. गावात केबलच्या वायरी आल्या, एसटीडीचे पिवळे डबे आले. आप्पा खूश होते. वजनाची कटकट नाही, पाखडायचं नाही, खडे निघाले तर नाव कंपनीचं. मला ते पेपर वाचताना तसंच वाटायचं. या पोरांचं मरणही पाकिटात, प्रेमही पाकिटात, आणि कविता वाचून जे काय वाटायचं असतं तेही कुणीतरी आधीच भरून, चिकटवून ठेवलेलं.

मग मला एक सवय लागली. पेपर हातात आला की मी आधी लाल रेघ शोधायची. मास्तरनं खाली रेघ मारून समासात काहीतरी लिहिलेलं असायचं. 'विषयांतर.' 'असंबद्ध.' 'हे कुठून आणले?' त्या रेघेच्या वर पोर सापडायचं. एकदा चित्राबद्दलच्या उत्तरात कुणीतरी लिहिलं होतं की ही बाई विहिरीजवळ उभी आहे पण तिच्या हातात दोर नाही, म्हणून ती पाणी न्यायला आलेली नाही, मला तिची भीती वाटते. त्याच्या खाली लाल रेघ. सुखाच्या उत्तरात एकानं लिहिलं होतं की आमच्या घरी सगळे ऊस तोडायला जातात, मग घर माझ्या एकट्याचं होतं, ते सुख आहे की नाही हे मला ठरवता येत नाही. लाल रेघ. शून्य. असे कागद मी साखरेला लावत नसे. मागच्या फळीवर वजनाखाली दाबून ठेवायची. आप्पा एकदा म्हणाले, वहिनी, कागद कशाला दाबून ठेवता, बांधायला घ्या की. मी दुसरा कागद ओढून साखर बांधायला घेतली. काय सांगणार होते?

त्याच दिवसांत आमची महानंदा बारावीला होती.

ती माझ्यासारखी नाही. तिला तोंड आहे. आप्पांनी सांगून टाकलं होतं की बारावीच्या मार्कांवर डी.एड.ला नंबर लागला तर शिकवू, नाही लागला तर लातूरकडचं स्थळ आहे, ते हातचं घालवणार नाही. आप्पा वाईट माणूस नाही. त्यांनी दोन घरं एका दुकानावर ओढली, माझ्या ताटात कधी कमी वाढलं गेलं नाही. पण त्यांचा शब्द म्हणजे तराजूची दांडी. इकडं झुकली की इकडं, तिकडं झुकली की तिकडं.

डी.एड.चं त्या काळी असं वेड होतं की एका मार्कानं आयुष्यं फिरायची. डी.एड. झालं की नोकरी, मास्तरीण, स्वतःचा पगार. महानंदाला ते हवं होतं. हवं म्हणजे किती, ते मी बघितलंय. जेवताना पुस्तक मांडीवर, केस विंचरताना पुस्तक समोर.

त्यांच्या मराठीच्या पुस्तकात एक कविता होती. बाप मेलेला मुलगा नदीकाठी उभा आहे, चिता जळते आहे, धूर वर जातो आहे, मग राख नदीत सोडतो आणि नदी ती घेऊन जाते. एवढं मला महानंदानं सांगितलं. वर्गात सर समजावून सांगत होते तेव्हा ही उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, राख नदीत गेल्यावर मग भेटायला कुठं जायचं?"

वर्ग हसला. सरही हसले. घरी येऊन मला सांगताना ती स्वतःही हसत होती, पण कान लाल होते.

तिला हसायला काय झालं लोकांना? आमच्यात जाळत नाहीत. आम्ही लिंगायत, आमचं माणूस गेलं की त्याला बसवतात. बसलेलंच सजवून नेतात आणि रुद्रभूमीत खड्ड्यात मांडी घालून बसवतात. गळ्यातलं लिंग काढून हातावर ठेवतात, बेल, विभूती आणि मग माती. वर ओटा बांधतात. सोमवारी जावं, बेल वाहावा, चार शब्द बोलावेत, परत यावं. महानंदानं चिता बघितली ती रस्त्यावरून जाताना, लांबून. तिच्या लेखी मेलेल्या माणसाला पत्ता असतो. तिनं खरं तेच विचारलं होतं.

सराव परीक्षेत त्याच कवितेचं रसग्रहण आलं. आठ मार्कांचं. ती गाईड उघडायची नाही तेव्हा. तिनं स्वतःच्या मनानं लिहिलं. पेपर घरी आला आणि तिनं तो पिठाच्या डब्यावर आपटला. मी हात पुसून वाचायला घेतला. त्यातलं मला तोंडपाठ आहे.

तिनं लिहिलं होतं, 'कवीच्या वडिलांची राख नदीने नेली म्हणून कवी नदीकडे बघतो. माझ्या वडिलांना बसवले आहे. बसवताना त्यांची मान पुढे पडत होती. तेव्हा माझे काका खड्ड्यात उतरले आणि माती गळ्यापर्यंत येईपर्यंत त्यांनी वडिलांच्या हनुवटीला हात लावून धरला. मरण म्हटले की मला आग दिसत नाही, तो हात दिसतो. म्हणून ही कविता मला पूर्ण कळली असे मी म्हणणार नाही. पण कवीलाही त्या दिवशी कुणाला तरी असे धरायचे होते आणि आगीमुळे धरता आले नाही, हे मला कळले.'

अख्ख्या उत्तराखाली लाल रेघ होती. समासात लिहिलं होतं, 'घरची माहिती नको. कवितेत आहे ते लिहा.' आठापैकी एक.

मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझ्या नवऱ्याचं मरण दिसलंच, पण त्याहून वेगळंही एक झालं. इतकी वर्षं मी त्या त्याच त्या ओळी वाचत होते आणि एकही कविता मला कधी कळली नव्हती. ही कळली. न बघितलेली कविता, न बघितलेला तो मुलगा, आणि आगीमुळे त्याला लांब उभं राहावं लागलं. हे माझ्या पोरीनं मला दाखवलं, आणि त्याला कुणीतरी एक मार्क दिला होता. मला त्या लाल पेनाची निब मोडायची होती.

आठवडाभर मी तो राग पोत्यांच्या मागे बसून गिळला. मग एक दिवस आप्पा बँकेत गेलेले, गल्ल्यावर कुणी नाही, आणि तेच सर चहापत्ती घ्यायला आले. साधा माणूस. सायकलवर यायचा, उधारी कधी ठेवायचा नाही. महानंदाच्या वडिलांना ओळखायचा, मातीला आला होता. मी उठून पुढं आले. चहा मोजला, कागदावर ओतला. मान वर न करता विचारलं, "सर, पोरीनं खोटं लिहिलं का?"

त्यांना आधी कळलं नाही. मी महानंदा म्हटल्यावर त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"खोटं न्हाई वहिनी," ते म्हणाले. "खरंच लिहिलंय तिनं. पण खरं मागितलंय कुणी?"

मग ते बराच वेळ बोलले, सावकाश, मला समजावं म्हणून. बोर्डाचा पेपर कुठल्या तरी लांबच्या गावात जातो. तिथं एक माणूस गठ्ठा घेऊन बसतो. त्याच्या बाजूला नमुन्याचं उत्तर असतं. तो चिता, धूर, राख, प्रवाह हे शब्द शोधतो, सापडले की बरोबरची खूण करतो. नाही सापडले तर एक मार्क देऊन पान उलटतो. त्याला महानंदा माहीत नाही, तुमच्यात कशी माती देतात ते माहीत नाही, आणि माहीत असलं तरी वेळ नाही. ते म्हणाले, मी एक मार्क दिला तो ती बोर्डात असं लिहू नये म्हणून. माझ्यावर रागवा, पण तिला गाईड पाठ करू द्या. पोरगी हुशार आहे, डी.एड. तिच्या हातात आहे.

मी पुडीचा दोरा इतका आवळला की कागद फाटला आणि चहा ओट्यावर सांडला. दुसरा कागद घेऊन पुन्हा बांधावं लागलं. ते थांबले, पैसे दिले, गेले. मी रागावणार तरी कुणावर? तो माणूस माझ्या पोरीचं भलं बघत होता. आप्पाही भलंच बघत होते. सगळे भलं बघत होते, आणि सगळ्यांचं मिळून म्हणणं एवढंच होतं की पोरी, तुला दिसलं ते तुझ्याजवळ ठेव.

खरं मागितलंय कुणी. हे वाक्य त्या महिन्यात माझ्या डोक्यात सारखं वाजत होतं. भाजी चिरताना, मापं पुसताना. मग कविता शिकवता कशाला? न मागता दिलेलं काही चालत नसेल तर पोरांना विचारता कशाला की तुम्हाला काय वाटलं? सरळ सांगा ना, वाटू देऊ नका.

महानंदानं गाईड आणलं. पिवळ्या पुठ्ठ्याचं. दुपारी सगळे पडले की ती माळवदावर फेऱ्या मारत पाठ करायची आणि खाली मला ऐकू यायचं. 'पित्याच्या चितेतून उठणारा धूर हा कवीच्या अंतःकरणातील वेदनेचे प्रतीक आहे. ज्वाळांनी देह भस्मसात होतो. मूठभर राख प्रवाहात विलीन होते.' पुन्हा पहिल्यापासून. अडखळली की पुन्हा. मी खाली ज्वारी निवडत बसलेली. तिचे वडील रुद्रभूमीत मांडी घालून बसलेले, आणि वर माळवदावर त्यांची लेक रोज दुपारी त्यांना जाळत होती. शब्द नीट बसावेत म्हणून पुन्हा पुन्हा जाळत होती.

एक दिवस मला सहन झालं नाही. मी जिन्यात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, बंद कर ते, तुला जे वाटलं ते लिही, एक मार्क तर एक मार्क.

ती गाईड मिटून म्हणाली, "तुझं काय जातंय आई. नंबर न्हाई लागला तर लग्न माझं होणार हाय."

मी खाली आले. ती बरोबर होती आणि मला तिचाही राग आला. बरोबर असलेल्या माणसाचा राग येतो तो फार वाईट, तो कुठं टाकता येत नाही.

मराठीच्या पेपरच्या दिवशी मी परीक्षेच्या ठिकाणी गेले. मी आयुष्यात अशी कुठं गेले नव्हते. आप्पांना सांगितलं, पोरगी पाण्याची बाटली विसरली. भिंतीबाहेर जत्रा भरल्यासारखी माणसं होती. कुणी झाडावर, कुणी कुणाच्या खांद्यावर. दगडाला चिठ्ठी गुंडाळून आत फेकत होते आणि नेम चुकला की एकमेकांना शिव्या देत होते. पदर डोक्यावर घेऊन मी कडेला उभी राहिले. एका पोरसवदा माणसानं विचारलं, "काकू, तुमचं कोण हाय आत? चिठ्ठी पोचवायची का?"

मी म्हटलं, चिठ्ठी न्हाई.

"मग कशाला आलाव उन्हात?" तो म्हणाला आणि बाजूचे हसले. एकानं तर मला सावलीत सरकायला जागा दिली आणि सल्लाही दिला की पुढच्या खेपेला निदान रिकाम्या जागा तरी लिहून आणाव्यात.

तेवढ्यात भरारी पथकाची गाडी आली. झाडावरची माणसं पिकल्या फळासारखी खाली पडली, जो तो पळत सुटला. थोड्या वेळानं एका पोराला दंडाला धरून बाहेर आणलं. त्याच्या मोज्यात चिठ्ठी सापडली होती. पोर रडत होतं. साहेब म्हणत होता, दुसऱ्याचं लिहून पास व्हायला लाज वाटत नाही का. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला मोठ्यानं हसायचं होतं. त्या पोराच्या मोज्यात जे होतं तेच आत बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात होतं, माझ्या लेकीच्याही. फक्त मोजा तपासता येतो. मोज्यातलं सापडलं की साल बुडतं आणि डोक्यातलं सापडलं की वर्गात नाव घेतात, टाळ्या वाजवतात. यातली चोरी कुठली, हे त्या साहेबाला विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. आलं आणि नेहमीसारखं परत गेलं.

महानंदा बाहेर आली. बोटांना शाई. मी बाटली पुढं केली. तिनं घोट घोट पाणी पिलं.

"आली होती का ती कविता?"

"आली होती."

"मग?"

"लिहिलं."

"काय लिहिलं?"

"चल आई, ऊन लागतंय."

मी पुन्हा विचारलं नाही. निकालापर्यंतच्या दोन-अडीच महिन्यांत मी स्वतःशी एक आशा धरून होते. वाटायचं, ऐन वेळी पेन हातात आल्यावर तिला तो हात दिसला असेल. आप्पा खड्ड्यात उतरलेले, त्यांचा सदरा मातीनं भरलेला, भावाच्या हनुवटीखाली तळवा. एकदा डोळ्यांपुढं आलं की मग कसली चिता. मी देवापुढं बसायची तेव्हा काय मागावं हे मला कळत नसे. तिनं खरं लिहिलेलं असू दे म्हणावं तर ती लातूरला जाणार. तिला मार्क पडू देत म्हणावं तर तिनं बापाला जाळलेलं असणार. मी नुसती हात जोडून बसायची. कुठल्याही आईला असं मागणं का अडकावं? आजही विचारते मी.

निकाल लागला. मराठीत तिला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले. मग बीडला यादी लागली आणि डी.एड.ला तिचा नंबर लागला. आप्पांनी स्वतः पेढे आणले, बाजारात वाटले. मला म्हणाले, वहिनी, दिलेला शब्द मोडणार नाही, लातूरवाल्यांना नाही म्हणून कळवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सर सायकलवरून येऊन गेले, पेढा घेतला, माझ्याकडं बघून मान हलवली. जणू म्हणत होते, बघा, मी सांगत होतो ना. मीही मान हलवली. घरात सगळ्यांना आनंद झाला आणि मलाही झाला, खोटं कशाला बोलू. माझी पोरगी वाचली. मी आतल्या खोलीत जाऊन दोन्ही हातांनी तोंड दाबून हसले.

पुढच्या सोमवारी आम्ही दोघी रुद्रभूमीत गेलो. आप्पा रस्त्यावर जीपजवळ थांबले. महानंदाच्या वडिलांवर तेव्हा साधा दगडी ओटा होता, कडेनं गवत वाळलेलं. मी ओटा झाडला, बेल वाहिला, पेढे ठेवले. महानंदा लांबच उभी होती. परीक्षेआधी ती आली की थेट ओट्याला टेकून बसायची, चुगल्या सांगायची, माझ्यासुद्धा. मी म्हटलं, ये की जवळ. ती म्हणाली, हितंच बरं हाय.

मग थोड्या वेळानं आपणहून म्हणाली, "लई चांगलं लिहिलं होतं मी आई. गाईडमधल्यापेक्षाबी चांगलं. धूर, राख, नदी, सगळं."

आवाजात रडणं नव्हतं. माल नीट मापून दिल्यावर माणूस बोलतो तसा आवाज होता. माझ्या अंगातून एकदम जाळ गेला.

"मग म्हण," मी म्हटलं.

"काय?"

"लिहिलं ते. त्यांच्यापुढं म्हण."

"येडी झालीस का आई?"

"म्हण," मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका मोठा निघाला की बाजूच्या रानात काम करणारी बाई उठून बघायला लागली. माझ्या तोंडून असा आवाज त्याआधी कधी निघाला नव्हता.

महानंदानं माझ्याकडं पाहिलं. मग ओट्यासमोर येऊन, वर्गात उभं राहतात तशी हात सरळ ठेवून उभी राहिली आणि म्हणायला लागली. प्रस्तुत कवितेत कवीने. मी ओट्याच्या कडेला हात ठेवून बसले होते. दगड तापलेला होता. ती चितेपाशी आली, मला वाटलं इथं थांबेल. थांबली नाही. ज्वाळांपाशी आली, भस्मसात म्हणाली, स्पष्ट, प्रत्येक अक्षर सुटं. मूठभर राख म्हणाली. नदीपाशी आली. पेढ्यांवर मुंग्या चढत होत्या आणि माझी लेक तिच्या बापाला तोंडावर सांगत होती की तुम्ही धुरातून वर गेलात आणि पाण्यातून वाहून गेलात, आणि यातच जीवनाचे चिरंतन सत्य सामावलेले आहे. शेवटच्या ओळीपर्यंत तिचा आवाज एका पट्टीत राहिला. मग तिनं श्वास घेतला, ओढणी नीट केली आणि म्हणाली, "झालं. चल, काका थांबलेत," आणि रस्त्याकडं चालायला लागली.

मी उठले नाही. ती म्हणत होती तेवढा सगळा वेळ मी फक्त एका चुकीची वाट बघत होते. एक शब्द पुढं-मागं, एक अडखळणं. तिनं कुठंही चूक केली नाही.